बोलतेस तसंच लिही

त्या वर्षी डिसेंबरच्या शेवटी, एका सुट्टीच्या दिवशी, मी हुडकेश्वरच्या घराच्या गच्चीवर उन्हात चटई टाकली आणि सातवीच्या वर्गासाठी सहा आठवड्यांची योजना लिहायला बसले. वरून कागद आला होता. प्रत्येक भाषाशिक्षकानं वाचन आणि लेखन एकत्र गुंफणारा एक घटक तयार करावा, तो दिलेल्या नमुन्यात भरावा, वर्गात राबवावा आणि फोटोंसह सादर करावा. असे कागद आम्हाला वर्षभर येतात. आम्ही ते भरतो, फाईलला लावतो आणि पुढच्या कागदाची वाट बघतो. हा मात्र मी मनापासून लिहायला घेतला. आज वाटतं, तोही इतरांसारखाच भरून टाकला असता तर बरं झालं असतं.

माझी शाळा कुही तालुक्यातल्या एका गावात आहे. पहिली ते सातवी. आम्ही चार शिक्षक. त्यातले तिघं नागपुरातून एकाच गाडीनं रोज जाणं-येणं करतो. सातवीत एकोणीस मुलं होती. दिवाळीनंतर मी एकेकाला व्हरांड्यात बोलावून, शेजारी बसवून, एक परिच्छेद वाचायला लावला होता. वर्गात सगळे एका सुरात वाचतात तेव्हा कोण वाचतंय आणि कोण नुसते ओठ हलवतंय ते कळत नाही. एकेकट्यानं वाचायला लावल्यावर कळलं. निम्मी मुलं पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द अंदाजानं ठोकत होती. 'पाऊस' असेल तर 'पाऊल', 'पाटील', काहीही.

सगळ्यात मोठा धक्का मला एका मुलीनं दिला. तिचं अक्षर अख्ख्या शाळेत सुंदर. दर्शनी फळ्यावरचा रोजचा सुविचार मुख्याध्यापक तिच्याकडूनच लिहून घेत. तिची वही तपासायला आली की बरं वाटायचं. एक काना वाकडा नसायचा. बारीकशी, सारखे डोळे चोळणारी ती मुलगी माझ्या शेजारी बसली, परिच्छेदाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, पण बोट पुढे सरकेना.

मी म्हटलं, "वाच ना."

ती म्हणाली, "मॅडम, मी हे उतरवून दाखवू का?"

पहिलीपासून ती फळ्यावरून उतरवत आली होती. अक्षरं जोडून जोडून थोडंफार वाचता येत होतं, पण त्या वाचण्यातून काही अर्थ निघतो, कोणीतरी आपल्याशी बोलत असतं, हे तिच्या गावीही नव्हतं. आणि त्यातली दोन वर्षं ती माझ्याच वर्गात होती. तिच्या प्रत्येक वहीवर 'छान' असा माझा शेरा होता.

म्हणून मी ती योजना लिहिली. कल्पना साधीच होती. मुलांनी असं काही वाचायचं जे त्यांच्या घरासारखं आहे. मग घरातल्या एका माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारायचं, तो सांगेल ते लिहायचं, आणि एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचायचं. पाठ्यपुस्तकातला धडा कोणी लिहिला, त्याच्याशी आपलं काय नातं, हे मुलांना ठाऊक नसतं. पण शेजारच्या बाकावरच्या पोरीनं तिच्या बापाबद्दल काय लिहिलंय हे वाचायला कोण सोडेल? शेवटच्या आठवड्यात सगळ्यांचं मिळून हातानं लिहिलेलं एक पुस्तक करायचं आणि आईवडिलांना शाळेत बोलावून त्यातलं वाचून दाखवायचं.

पहिला मजकूर मी स्वतः लिहिला. मी उमरेडच्या विणकराची मुलगी. बाबा हातमागावर बसायचे. पाय खड्ड्यात सोडलेले आणि हात सुतावर. मी एक पान त्यांच्याबद्दल लिहिलं आणि त्यांचं बोलणं जसं होतं तसंच ठेवलं. आमच्या घरात सगळे मले-तुलेच बोलायचे. डी.एड.ला गेल्यावर पहिल्याच पाठात मी वर्गासमोर 'मले' म्हटलं आणि मागच्या बाकांवर हसू फुटलं. मार्गदर्शक बाईंनी माझ्या वहीत त्या शब्दाभोवती लाल गोल केला. दोन-तीन महिन्यांत मी बदलले. पुढे बाबांशी बोलतानाही तोंडातून 'मला'च येऊ लागलं. एकदा ते आईला म्हणाले, "पोरगी पाहुण्यावानी बोलून राहिली." मी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. ते पान लिहिताना इतक्या वर्षांनी मी बाबांच्या बोलण्यात परत शिरले होते.

हुडकेश्वरच्या आमच्या चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानातून त्याच्या एकोणीस प्रती काढल्या. मुख्याध्यापक सरांना योजना दाखवली. ते निवृत्तीला आलेले, स्वभावानं भले गृहस्थ. पानं चाळून म्हणाले, "मॅडम, काहून एवढा जीव काढून राहिल्या? नमुना भरून टाका ना. पाहते कोण?"

"मुलं पाहतील सर," मी म्हटलं. आठवलं की आता स्वतःचीच लाज वाटते.

जानेवारीत घटक सुरू झाला. पहिले आठ दिवस इतके छान गेले की मी गाडीत बसल्या बसल्या सोबतच्या शिक्षकांना वर्गातलं काही ना काही सांगत राहायचे आणि ते हसायचे. बाबांचं पान वाटलं तेव्हा मुलं नेहमीसारखी अडखळत वाचू लागली. तिसऱ्या ओळीत बाबा म्हणतात, "काहून वं, माग तोडून राहिली का?" तिथं एक मुलगा थांबला. त्यानं ते परत वाचलं आणि ओरडला, "मॅडम, हे तं आपल्यावानी हाय!" सगळा वर्ग त्या ओळीवर तुटून पडला. छापलेल्या कागदावर 'काहून' असू शकतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी ती सुंदर अक्षराची मुलगी ते पान घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी ती सांगत आली, "मॅडम, तुमच्या बाबायचे पाय दुखत असन." त्या पानात पाय दुखल्याचं कुठंही लिहिलेलं नव्हतं. ते तिनं वाचून काढलं होतं. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्याही मुलानं मला याच्याहून चांगलं उत्तर दिलेलं नाही.

तिची आई मिरचीच्या सातऱ्यावर जायची. आमच्या भागात हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत वाळलेली लाल मिरची गावाबाहेरच्या मोठाल्या आवारांत ओततात आणि बाया दिवसभर ढिगाशी बसून तिचे देठ तोडतात. त्या आवाराला सातरा म्हणतात. त्या दिवसांत गावात शिरलं की गाडीच्या काचा लावल्या तरी ठसका लागतो.

घरच्या माणसाला विचारून लिहायची वेळ आली तेव्हा ती माझ्या टेबलाजवळ आली. वही छातीशी धरलेली.

"मॅडम, 'मले' लिवता येते का?"

"म्हणजे?"

"म्हणजे चालते का? का 'मला'च लिवा लागते?"

मी तिला म्हटलं, "तू बोलतेस तसंच लिही. अगदी तसंच. मी काही खोडणार नाही."

दोन दिवसांनी तिनं वही दिली. या वेळी तिचं अक्षर नेहमीसारखं नव्हतं. ओळी वरखाली गेल्या होत्या, कुठं शब्द चिकटले होते, कुठं काना विसरला होता. पहिल्यांदाच ती काही बघून लिहीत नव्हती. तिनं लिहिलं होतं:

"माही आई सातऱ्यावर जाते. मिरचीचे देठ तोडते. तिच्या हाताची आग होते. घरी आली का हात राखेनं धुते मंग तेल लावते तरी जात नाही. मी लहान होती तवा तिनं माह्या तोंडावरून हात फिरवला तं माह्या डोळ्यात आग झाली मी लय रडली. तवापासून ती मले जवळ घेत नाही. मी झोपली का माह्या पायाले हात लावते. तिले वाटते मी झोपली. मी झोपत नाही."

मी ती वही शिक्षकांच्या खोलीत न नेता वर्गातच, मुलं खेळायला गेल्यावर, तीनदा वाचली. तिला बोलावून घेतलं. "खूप छान लिहिलंस," एवढंच म्हटलं. तिनं विचारलं, "किती चुका हायेत?" मी म्हटलं, "एकही नाही."

त्यानंतर योजनेचे दिवस एकामागून एक जाऊ लागले. एक आठवडा शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात गेला. मी घरोघरी फिरत होते आणि सातवीचा वर्ग पाचवीसोबत बसवलेला होता. नंतर मोबाईलवर भरायची एक चाचणी आली. ती भरताना नेटवर्क जायचं, म्हणून मी शाळेच्या मागच्या टेकाडावर उभी राहून एकोणीस मुलांची माहिती भरली. मग तालुक्याच्या क्रीडास्पर्धा. मुलांनी एकमेकांचं लिहिलेलं वाचायचं, पुस्तक करायचं, पालकांना बोलवायचं, हे सगळं पुढे पुढे ढकललं गेलं. वह्या माझ्या कपाटात पडून राहिल्या. मुलंही विचारेनाशी झाली.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका दुपारी मुख्याध्यापक सर हातात फोन घेऊन वर्गाच्या दारात आले. "मॅडम, उद्या तालुक्याचे साहेब येऊन राहिले. तुमचा तो वाचन-लेखनवाला उपक्रम दाखवा म्हणून राहिले. भिंतीवर काही पाहिजे."

"सर, तो पूर्ण झालेलाच नाही."

"मुलांनी लिहिलं तं असन ना? तेच लावून द्या. पण जरा शुद्ध करून घ्या. त्या मले-तुले भाषेत लावलं तं साहेब म्हणन, शाळेत हेच शिकवता का?"

दुपारचे दोन वाजले होते. मी एकोणीस वह्या काढल्या आणि एकोणीस तुकडे पाच-पाच ओळींत बसवू लागले. कार्डशीटचे लहान तुकडे होते, त्यावर तेवढंच मावत होतं. मी थकले होते, हे खरं. सरांनी सांगितलं होतं, हेही खरं. पण मला आठवतं, ते काम करताना माझा हात कुठंच अडखळला नाही. 'माही'चं 'माझी', 'मले'चं 'मला', लांबलेलं वाक्य कापायचं, शेवटी एक गोड वाक्य टाकायचं. वीस वर्षं तेच करत आले होते. तिच्या वहीपाशी आले आणि त्याच वेगानं लिहिलं:

"माझी आई मिरचीच्या सातऱ्यावर काम करते. ती दिवसभर खूप कष्ट करते. कामामुळे ती मला जवळ घेत नाही. तरीही मला माझी आई खूप आवडते. मी शिकून मोठी होईन आणि आईला सुख देईन."

शेवटची दोन वाक्यं माझी होती. तिच्या वहीत ती कुठंच नव्हती. राख, तेल, डोळ्यातली आग, सगळं गेलं होतं.

मी तो कागद तिला दिला आणि कार्डशीटवर सुंदर अक्षरात लिहायला सांगितलं. तिनं तो वाचला. आता तिला वाचता येऊ लागलं होतं, हळू का होईना, अर्थ लावून वाचता येत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, पायाचं नाही लिवाचं?"

"जागा नाही गं," मी म्हटलं. "चल लवकर, अजून खूप राहिलंय."

तिनं खाली बसून तो मजकूर उतरवला. एक काना वाकडा नव्हता.

साहेब दुसऱ्या दिवशी आले. पंधरा मिनिटं थांबले असतील. भिंतीवरचे कागद बघत बघत तिच्या कागदापाशी आले आणि त्यांनी तो मोठ्यानं वाचला. "वा! आईच्या कष्टाची जाणीव बघा या वयात!" त्यांनी तिला बोलावलं, कागदाशेजारी उभं केलं आणि फोटो काढला. मग मलाही तिच्या बाजूला उभं केलं. संध्याकाळी गाडीत बसले तेव्हा तो फोटो आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर आला होता. साहेबांनी वर लिहिलं होतं, 'उपक्रमशील शिक्षिका, बोलक्या भिंती'. खाली अंगठे आणि फुलं. मी घरी नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "बघ, कोणीतरी दखल घेतली." मला बरं वाटलं. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं, हे मी लपवणार नाही.

चार दिवसांनी मधल्या सुट्टीत तिची आई शाळेत आली. याआधी मी तिला पालकसभेत एक-दोनदा पाहिलं असेल. व्हरांड्यात खांबाला टेकून उभी होती, दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. मी खुर्ची दिली तर बसली नाही.

"मॅडम, तो फोटो तुम्ही काढला का?"

मी म्हटलं, साहेबांनी काढला.

"सातऱ्यावर एका बाईच्या फोनात आला. तिनं सगळ्यायले वाचून दाखवला. मी म्हटलं, परत वाच. तिनं परत वाचलं. तेच होतं. आई मला जवळ घेत नाही." ते 'मला' तिनं जसं ऐकलं तसं म्हटलं. "आता बाया म्हणून राहिल्या, कशी माय हाय वं ही, पोटच्या पोरीले जवळ नाही घेत. हसून राहिल्या. मले पोरीनं कधी म्हटलं नाही, मॅडम. घरी एक शब्द बोलली नाही. आन इथं भिंतीवर लिवलं."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, "ताई, तिनं तसं लिहिलं नाही. ते मी बदललं. थांबा, मी तुम्हाला तिचं खरं दाखवते." आणि मी धावत जाऊन कपाटातून वही आणली. ती पोरगी तेव्हा मैदानात होती. तिला विचारावं, तिचं आहे ते वाचून दाखवू का असं निदान म्हणावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मला त्या बाईसमोर स्वतःला सोडवून घ्यायची घाई झाली होती. मी वही उघडली आणि वाचू लागले.

राख आणि तेल आलं तेव्हा तिनं मान हलवली. लहानपणी रडल्याचं आलं तेव्हा म्हणाली, "हो. तिचे डोळे सुजले होते. दवाखान्यात नेलं होतं." तिच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला होता. मला वाटलं, सावरलं. मी पुढे वाचलं. मी झोपली का माह्या पायाले हात लावते. तिले वाटते मी झोपली. मी झोपत नाही.

ती एकदम खांबापासून दूर झाली.

"तिले माहीत हाय?"

मी वही खाली घेतली.

"तिले माहीत हाय?" तिनं पुन्हा विचारलं. आणि मग, माझ्याकडे न बघता, "अख्ख्या शाळेले माहीत हाय का?"

"नाही, नाही. फक्त मी वाचलंय."

तिनं पदर डोक्यावर ओढला आणि फाटकातून बाहेर गेली. मैदानात तिची मुलगी खेळायची थांबून बघत होती. आई तिच्याजवळून गेली तरी थांबली नाही.

मी भिंतीवरून तो कागद काढला. सरांना सांगून ग्रुपवरचा फोटो काढायला लावला. साहेबांनी काढला, पण तोवर तो कुठं कुठं गेला होता ते कोणाला माहीत? सर मला म्हणाले, "मॅडम, मनाले नका लावू. चार दिवसात विसरन सगळे." बाया विसरल्याही असतील.

मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही. आली तेव्हा मी तिला वर्गाबाहेर बोलावलं. बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. तिला म्हटलं, माझं चुकलं, मी तुझं लिहिलेलं बदलायला नको होतं आणि तुला न विचारता वाचायलाही नको होतं. तिनं ऐकून घेतलं.

"आई रागावली का तुला?"

"नाही."

"मग? काही बोलली?"

तिनं पायाच्या अंगठ्यानं फरशीवर एक रेघ ओढली. मग म्हणाली, "आता ती पायालेबी हात नाही लावत."

मी कोणाला काही सांगितलं नाही. घरीही नाही. नवऱ्यानं दोनदा विचारलं, गप्प का असतेस म्हणून. मार्च आहे, परीक्षा आहेत, असं म्हटलं. पण त्या दिवसांत मला झोपेतून उठल्यावर आधी तेच वाक्य आठवायचं. सातऱ्यावर दिवसभर बसून, हात धुऊन धुऊन, त्या बाईनं आपल्या मुलीसाठी एक जागा शोधून काढली होती, जिथं हात लावला तर तिला आग होणार नाही. कोणाला कळू दिलं नव्हतं. मुलीला ते कळलं होतं आणि तिनंही आईला कळू दिलं नव्हतं. त्या दोघींचं ते नीट चाललं होतं. मी सहा आठवड्यांची योजना घेऊन तिथं गेले आणि आधी ते खोटं करून भिंतीवर लावलं, मग खरं करून आईला ऐकवलं. दोन्हीपैकी कशानं जास्त मोडलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

कुणी म्हणेल, सगळं मनाला लावून घेता. मीही स्वतःला समजावून पाहिलं. चाचणी, सर्वेक्षण, साहेब, कार्डशीटचा आकार. ती सगळी कारणं खरी आहेत. पण 'पायाचं नाही लिवाचं?' असं तिनं मला विचारलं होतं, साहेबांना नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी वर्गाला निबंधाचा विषय दिला. 'माझा आवडता सण', पुस्तकी, कोणालाही न दुखवणारा. त्या मुलीनं बाकावर वही ठेवली, पेनचं टोपण काढलं आणि बसून राहिली. मी जवळ गेले.

"लिही ना. पोळा लिही, दिवाळी लिही."

"मॅडम, तुम्ही फळ्यावर लिवून द्या. मी उतरवते."

"तुला येतं आता. तूच लिही."

"नाही येत," ती म्हणाली. माझ्या डोळ्यांत बघून, अगदी शांतपणे. येत होतं आणि तिनं ठरवलं होतं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. मी फळ्याकडे गेले आणि दिवाळीवर दहा ओळी लिहिल्या. सगळ्या वर्गानं त्या उतरवल्या.

त्याच महिन्यात कुहीला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. साहेबांनी माझी योजना नमुना म्हणून निवडली होती. मला ती पडद्यावर दाखवून समजावून सांगायची होती. मी नाही म्हणू शकले असते. आजारी आहे म्हणता आलं असतं. मी गेले आणि सांगितली. पहिला आठवडा, दुसरा आठवडा, घरच्या माणसाची मुलाखत, सामूहिक वाचन. जे आठवडे झालेच नव्हते तेही सांगितले. शेवटी एका तरुण शिक्षिकेनं हात वर केला. दुसऱ्या तालुक्यातून नुकतीच बदलून आलेली होती, वहीत भराभर लिहून घेत होती.

"मॅडम, मुलांना घरच्या गोष्टी लिहायला सांगितल्यावर काही अडचण आली का?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिथं सांगायला हवं होतं. साहेब पहिल्या रांगेत बसले होते, जेवणाची वेळ होत आली होती. मी म्हटलं, "नाही. मुलांनी खूप छान प्रतिसाद दिला." टाळ्या झाल्या. तिनं तेही वहीत लिहून घेतलं. तिनं तिच्या शाळेत ती योजना राबवली का, तिच्या वर्गात कोणी काय लिहिलं, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

जूनच्या शेवटी शाळा उघडली तेव्हा मायलेकी दाखला घ्यायला आल्या. मुलीच्या वडिलांना कळमेश्वरला कारखान्यात काम मिळालं होतं, सगळे तिकडे जाणार होते. आठवीला ती तिकडच्या शाळेत जाणार. आईचा चेहरा मला उतरलेला वाटला, कदाचित उन्हानं असेल. मी दाखला तयार केला. आईनं अंगठा दिला. शाई पुसायला मी कापसाचा बोळा पुढे केला तेव्हा तिचा हात पहिल्यांदा नीट दिसला. बोटांची कातडी सोललेली, नखं तांबडी.

मी म्हटलं, "ताई, माझं चुकलं. त्या दिवशी मला बोलता आलं नाही."

ती म्हणाली, "तुमचं काय चुकलं, मॅडम? तुम्ही तं शिकवूनच राहिल्या होत्या."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती खरंच तसं मानत होती. शाळेत पोरगी पाठवली की असं काहीतरी होणारच, शिकवणं म्हणजे हेच, असं तिनं धरून घेतलं होतं.

मुलगी माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, कारण तिची आई बघत होती. मग दोघी फाटकाबाहेर गेल्या. आई पुढे, हातात दाखल्याचा कागद. मुलगी दोन पावलं मागे.

कळमेश्वर माझ्या घरापासून फार दूर नाही. शहर ओलांडून तास-दीड तास. तिकडच्या शाळेचा पत्ता दाखल्याच्या नोंदीत नाही, पण विचारत गेलं तर सापडेल. दोन वर्षांत मी तीनदा जायचं ठरवलं. एकदा गाडीही बाहेर काढली होती. जाऊन तिला काय म्हणणार, ते ठरेना, म्हणून परत आत घेतली.